पेअरच्या झाडाचं वाळवण

गुडघे गेलेत माझे. अडतीस वर्षं वॉर्डात उभी राहिले, आधी पुण्यात, मग इथे, आणि आता जिना चढताना मध्येच एकदा थांबावं लागतं. बसल्या जागेवरून सांगते, पण माझं सांगून होईस्तोवर मध्ये बोलू नका.

गोष्ट आमच्या ह्यांची. नाव पुरुषोत्तम, पण ते मी फक्त फॉर्मवर लिहिते. हाडाचे टर्नर. आयटीआय केलं आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर तेवीस वर्षं काढली. लोखंडाचा दांडा फिरत्या मशीनला लावायचा आणि केसाएवढाही फरक न ठेवता कातून काढायचा, हे त्यांचं काम. २००२ साली मला इथे नर्सची नोकरी लागली आणि ते सगळं सोडून माझ्यामागे इथे विलायतेत, मेडनहेडला आले. इथे कोण विचारतंय पिंपरीच्या टर्नरला? आधी वेअरहाउस, मग एका शाळेत केअरटेकर. सकाळी कुलपं उघडायची, हीटिंग बघायचं, पोरं ओकली की पुसायचं. एका शब्दाने कधी बोलले नाहीत. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "मिस्टर काय करतात?" की मीच पुढे होऊन सांगायचे, "स्कूलमध्ये आहेत." समोरच्याला वाटायचं, शिक्षक. वाटू दे, म्हणायचे मी. हे शेजारीच प्रसादाची प्लेट धरून उभे असायचे.

रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी घरून जुना लाकडाचा लेथ आणला आणि गॅरेजमध्ये बसवला. गाडी गेली बाहेर पावसात. मग वाडगे, फुलदाण्या, परत वाडगे. "आमटी घालता येत नाही, मायक्रोवेव्हला चालत नाही, मग करायचंय काय ह्यांचं?" मी म्हणायचे. "बघायचं," हे म्हणायचे. घरभर भुसा. मोज्यात भुसा, पोह्यात भुसा. डोक्याला नुसता ताप.

शेजारी डोरीन राहायची, शहाऐंशी वर्षांची, एकटी. तिच्या बागेत पेअरचं जुनं झाड होतं. तिच्या सासऱ्याच्याही आधीचं, असं ती सांगायची. ऑक्टोबरातल्या वादळात ते अर्धं मोडलं, उरलेलं पाडावं लागलं. करवतवाला सगळं यंत्रात घालून भुगा करणार होता. डोरीन स्लिपरवरच कुंपणाशी उभी राहून रडत होती. ह्यांना बघून म्हणाली, "पुरू, तुझ्या मशीनवर ह्याचं काही होईल का?"

ह्या देशात आल्यापासून ह्यांच्या हातचं काम कुणी मागितलं, ते हे पहिल्यांदा. दुखऱ्या खांद्याने सहा खेपा करून ओंडके आणले, आणि मी ओरडत असताना हसत होते.

मार्चमध्ये डोरीन केअर होममध्ये जाणार होती. तिथे तिला एक खोली आणि खिडकीची एक कड मिळणार. तिला हवा होता एक वाडगा, टॉफी ठेवायला, आणि एक फुलदाणी, सुकलेल्या फुलांची. "झाडातलं काहीतरी उशाशी असावं," एवढंच तिचं म्हणणं.

ह्यांनी चार वाडगे आणि दोन फुलदाण्या कातल्या, पण दोन बोटं जाड, ओबडधोबड. ओलं लाकूड असंच ठेवतात म्हणे. थंड गॅरेजमध्ये हळूहळू वाळू द्यायचं आणि मग परत लेथवर चढवून पातळ करायचं.

"किती दिवस?"

"वर्षभर."

"अहो, पण ती आहे का वर्षभर?"

हे लेथवरचा भुसा झाडत राहिले. मी तिचे पाय बघितले होते. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. रात्री तीन उशा लावून झोपायची. अडतीस वर्षांत असे पाय किती बघितले, ते कशाला सांगू? मला कळत होतं तिच्याकडे किती दिवस आहेत. ह्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

फेब्रुवारीत हे पाच दिवस मुलीकडे, शाल्मलीकडे, मिल्टन कीन्सला गेले. मी घरात एकटी, डोरीनच्या पायांचा विचार करत. आणि मग मला शहाणपणा सुचला. माझं माहेर सांगलीचं. दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. वाळवण मला कुणी शिकवायला नको! ओलं असेल त्याला ऊन दाखवायचं, उलटायचं, की झालं. ऊन इथे कुठलं, पण वरच्या मजल्यावर बॉयलरचं गरम कपाट होतं. ह्या गुडघ्यांनी सहा खेपा जिना चढून सगळं वर नेलं, टॉवेल अंथरून मांडलं आणि रोज पापडासारखं उलटत राहिले. म्हटलं, हे परत येतील तर सगळं खडखडीत! खूश होतील.

तिसऱ्या दिवशी कपाटात काहीतरी कडकन वाजलं. मला वाटलं, बॉयलर. चौथ्या दिवशी दार उघडून बघितलं. सगळ्यांना तडे. काठापासून बुडापर्यंत. एका फुलदाणीच्या तड्यात माझं बोट जात होतं.

हे आले. ह्यांनी सहाच्या सहा वस्तू किचनच्या टेबलावर ओळीने मांडल्या. चिडले नाहीत.

"वाळवण घातलंस?"

"हो."

बस, एवढंच. पुढे आठ दिवस "भात वाढ" आणि "चहा हवा" ह्यापलीकडे शब्द नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. लेथवर चादर टाकली आणि सोफ्यावर पडून राहायला लागले. मला माझीच लाज वाटत होती आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

नवव्या दिवशी मीच तोंड उघडलं. "पंधरा तारखेला ती जाणार. काहीच होण्यासारखं नाही का?"

सोफ्यावरून उठून बसले. मग म्हणाले, एक ओंडका ताडपत्रीखाली अजून ओला आहे. ओला असतानाच एका दमात पातळ कातला तर तडा जात नाही. "पण गोल राहत नाही. वाळताना वाटेल तसा वाकडा होतो. असलं मी काढत नाही. पिंपरीत इन्स्पेक्शनला रिजेक्ट झालं असतं."

"डोरीन कुठली आलीय इन्स्पेक्टर?"

आठ दिवसांत पहिल्यांदा ओठांचा कोपरा हलला.

कातत असताना लाकूड वाळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी. मीच वाळवलं, आता मीच भिजवायचं. अडीच तास. हे कातायचे, मी पाणी मारायचे. ह्यांचा खांदा भरून आला की दात आवळायचे. मी म्हटलं, "बसा जरा." तर म्हणाले, "थांबलो तर गेलं." शेवटी वाडगा इतका पातळ झाला की दिव्यासमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला. मग हे बादली पालथी घालून बसले, ते उठेचनात. हात वर होत नव्हता. त्यांच्या एप्रनची गाठ मी सोडली. फुलदाणीचं कुणी नावही काढलं नाही. एकाच वस्तूपुरता जोर होता दोघांत मिळून.

दहा दिवसांत वाडगा लांबट झाला, एक कड वर उचलली गेली. ह्यांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. डोरीन केअर होमला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो टॉवेलात गुंडाळला आणि ह्यांना गाडीत घातलं.

डोरीनच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती. तिने वाडगा मांडीवर घेतला, कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला. "माझं झाड," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने विचारलं, "आणि बाकीचे? तू तर बरेच केले होतेस ना, पुरू?"

आणि हे पटकन म्हणाले, "तडे गेले. माझी चूक. मी वाळवायची घाई केली."

उशी नीट करणारी केअरर मुलगी हसली. "असू दे. हॉबीच आहे ना तुमची?"

हे मान हलवून हसले. गणपतीत प्लेट धरून हसायचे, अगदी तसेच.

"नो," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण मुलगी दचकली. "वाळवलं मी. मी सगळे फोडले. माय हजबंड इज अ टर्नर. टर्नरच्या हातून असली चूक होत नाही."

डोरीन म्हणाली, "मला माहितीये गं. बघ ना ह्याच्याकडे." आणि तो वाकडा वाडगा वर धरला.

एप्रिलमध्ये ती गेली. वाडगा तिच्या मुलाने नेला. पण मला सांगायचंय ते वाडगा दिला त्या दिवशीचं, पार्किंगमधलं. ह्यांना सीट बेल्टसुद्धा ओढवत नव्हता, मीच लावून दिला. मी चावी लावली आणि हे समोर काचेकडे बघत म्हणाले, "बावीस वर्षं लागली तुला."

मी गाडी सुरू केली.