आईचं धारेचं लुगडं
काटेवाडीच्या आमच्या घरात ‘इमानी’ हा शब्द फक्त म्हशीसाठी होता. वडिलांसाठी वेगळा, छापील शब्द होता: निष्ठावंत. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांचं पॅनेल चौकात बोर्ड लावायचं आणि निष्ठावंत कार्यकर्त्यांच्या रांगेत त्यांचंही नाव असायचं. आई म्हणायची, निष्ठा चौकात आणि शेण काढायला मी.

म्हशीचं इमान मात्र आईला महागात पडत होतं. ती आईशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. दुसरा हात लागला की पान्हा चोरायची. त्यापायी आई इंदापूरच्या माहेरच्या दोन लग्नांना मुकली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी घरून जाऊन-येऊन बारामतीला बारावी करत असताना, धाकट्या मामाचं लग्न ठरलं आणि आई गप्प गप्प राहू लागली. एका सकाळी वडिलांनी तिची पिशवी उचलली आणि तिला एसटीत बसवून आले. म्हणाले, तीन दिवस मी बघतो.

त्या संध्याकाळी म्हशीनं बादली लाथाडली. वडील पुन्हा धारेला बसले, तिनं पुन्हा लाथाडली. कास तटतटली होती. वडील घरात गेले आणि बाहेर आले ते आईचं धारेला नेसायचं जुनं लुगडं गुंडाळून, पदर मिशांपर्यंत ओढून. मला हसू आवरेना. म्हशीनं लुगडं हुंगलं, कान हलवले आणि पान्हा सोडला.

नेमके तेव्हाच पॅनेलचे दोघं त्यांना सभेला न्यायला आले आणि गोठ्याच्या दारातच थबकले. वडील लाजतील, उठतील असं मला वाटलं. ते पदराआडूनच म्हणाले, “मंडळीला लग्नाला धाडलंय. धार सोडून यायचा न्हाय मी.”

सकाळपर्यंत गावभर झालं. तरी आई परत येईपर्यंत, दोन्ही वेळा, वडील तेच लुगडं नेसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण हसण्याच्या नादात सांगायचं राहून गेलं.

पुढच्या निवडणुकीत पाण्याच्या पाळीवरून भांडून त्यांनी पॅनेल सोडलं. बोर्डावरचं नाव गेलं, चौकात त्यांना गद्दार म्हणू लागले. नळावर एका बाईनं ते आईला मुद्दाम ऐकवलं. आईनं भरलेला हंडा खाली ठेवला.

“माझ्यासाठी लुगडं नेसून धारंला बसलेला मानूस हाय त्यो. इमान काय असतं, त्ये मला इचारा.”