कॅन्ससच्या ड्रायव्हरला केलेला आग्रह

माझा पाय सारखा हलतो. खुर्चीत बसले की उजवा पाय सुरू. आई ओरडते, "अव, शिलाई मशीन चालवून राहिली का तू? अख्खी खाट हालते ना!" आधी नव्हता हलत. हे खूळ लागलं नोकरीत, आणि नोकरी सुटली तरी ते काही सुटलं नाही. कसं लागलं ते सांगते. त्यात चूक माझी आहे, आणि ती झाकून ठेवायचा आता मला कंटाळा आला आहे.

नोकरी होती ट्रक हाकायची. म्हणजे ट्रक कॅन्ससमध्ये आणि हाकणारी मी अमरावतीत, राजापेठेत. हसू नका. अमेरिकेच्या नकाशात बरोबर मधोमध आडवी वीट ठेवल्यासारखं एक राज्य आहे, ते कॅन्सस. देशाच्या या टोकाचा माल त्या टोकाला न्यायचा तर पुष्कळदा त्यातूनच न्यावा लागतो. तिथल्या एका लहानशा ट्रक कंपनीनं आपलं वरचं सगळं काम आमच्या ऑफिसला दिलं होतं. कोणत्या ड्रायव्हरनं कुठला माल उचलायचा, कधी पोचवायचा, कोण रिकामा आहे, कोणाला झोप हवी आहे, हे बघायचं. ऑफिस म्हणजे ट्यूशन क्लासच्या वरचा मजला. बारा टेबलं, बारा हेडफोन आणि गारव्यापेक्षा आवाज जास्त करणारा एक एसी. खाली क्लासच्या पोट्ट्यांच्या गाड्या अशा लावलेल्या असत की जिन्यापर्यंत अंग चोरून जावं लागे. तिकडे सकाळचे सात वाजले की इकडे संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा आमची शिफ्ट सुरू व्हायची. त्याच चौकात माझी आई संत्री-मोसंबीची हातगाडी लावते. तिच्याकडून दोन संत्री पिशवीत टाकायची आणि वर जायचं.

या कामाला डिस्पॅचर म्हणतात. मी स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण तिकडं विचिटाहून सलायनाला किती वेळ लागतो, कोणत्या पंपावर ट्रक उभा करायला जागा मिळते, वारा सुटला की कोणत्या रस्त्यावर रिकामा ट्रक डोलतो, हे मला बडनेऱ्याच्या रस्त्यापेक्षा जास्त पाठ होतं. पडद्यावर प्रत्येक ट्रकचा एक हिरवा ठिपका. ठिपका सरकत असला की मी निवांत. थांबला की जीव टांगणीला.

आणि मी कामात हुशार होते. उगाच लाजून सांगत नाही. तिकडचे ड्रायव्हर फटकळ. एखादा लोड, म्हणजे ट्रकभर माल, नको असला की तोंडावर सांगणार, "नाही, तिकडं मी जाणार नाही." बाकीचे डिस्पॅचर "ओके सर" म्हणून दुसरा माणूस शोधायला लागायचे. मी सोडायची नाही. मी हसायची, त्याच्या कुत्र्याची चौकशी करायची, त्याच्या गाडी चालवण्याचं कौतुक करायची आणि तोच लोड परत पुढं करायची. तिसऱ्यांदा तो हसून म्हणायचा, "बरं बाई, दे." ऑफिसात सगळे म्हणायचे, "हिच्यापुढं कोनाचं 'नाही' टिकतच नाही बाप्पा!" मला कोण अभिमान!

हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. आपल्याकडं पाहुणा पहिल्यांदा 'नको'च म्हणतो, हे मला चालायला लागले तेव्हापासून माहीत. पंगतीत वाढणारा जिलबी घेऊन येतो, पाहुणा पानावर आडवा हात धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि सगळी पंगत हसते. पहिल्या नकोला पुढं सरकलात तर पाहुणा गावभर सांगत फिरतो की आग्रहच केला नाही हो. आई हातगाडीवर तेच करते. "एक किलोनं काय होते भाऊ, घरी पोट्टे हायेत, दोन न्या!" आणि भाऊ 'नको नको' करत दोन नेतो, वर खूश होऊन जातो. मी आईचीच पोरगी. माझ्या लेखी 'नको' हे बोलण्याची सुरुवात होती.

आमच्या ड्रायव्हरांत एक होते, एकसष्ट वर्षांचे. तोंडावर मी त्यांना सर म्हणायची, मनात काका. भला माणूस. फोन उचलला की आधी माझ्या आईची तब्येत विचारायचे. ती फळं विकते हे सांगितलं तेव्हा म्हणाले, माझी आई अंडी विकायची. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण मला ते आठवतं ते मराठीतच, म्हणून तसंच लिहिते.

एका संध्याकाळी सलायनाहून पिठाचा एक लोड निघायचा होता आणि ठरलेला ट्रक ऐन वेळी बिघडला. काका जवळच होते आणि मोकळे होते. रेकॉर्डिंग होणारी ऑफिसची लाइन सारखी तुटत होती, म्हणून मी त्यांना माझ्या मोबाइलवरून फोन लावला. आमच्याकडं सात वाजले होते, त्यांच्याकडं सकाळचे साडेआठ.

"आज नको," ते म्हणाले. "उठल्यापासून डोकं गरगरतंय. घरी जाऊन पडतो."

"अरेरे," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, आईची शपथ. पण लगेच पुढं म्हटलं, "चार तासांचंच काम आहे हो, सर. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस मी आता कुठून आणू?"

"नाही बाळ. आज नाही."

"उद्या-परवा तुम्हाला एकही फोन येणार नाही, माझा शब्द. वाटेत कॉफी घ्या, बरं वाटेल. माझ्यासाठी एवढं करा ना!"

 मग ते म्हणाले, "ठीक आहे."

मी मूठ हवेत उडवली. शेजारच्या पोरीनं टाळी दिली. मग मी आरामात डबा उघडून चिवडा खाल्ला, हे सुद्धा सांगून टाकते.

नऊला पाच कमी असताना ठिपका थांबला. मला वाटलं, कॉफीला थांबले असतील. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. जिना उतरून धावत आईच्या गाडीपाशी गेले. ती टोपल्या आवरत होती. "काय झालं व?" म्हणाली. काही नाही म्हणून मी तशीच उलटी वर पळाले. ठिपका तिथंच. नकाशा मोठा केला, अजून मोठा केला. ठिपका रस्त्यावर नव्हताच. तो रस्त्याच्या बाजूला, शेताच्या हिरव्या रंगात होता.

पाऊण तासानं तिकडच्या कंपनीचा फोन आला. चक्कर येऊन ट्रक रस्ता सोडून खोल नालीत आडवा झाला होता. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. काकांचा खांदा मोडला होता, पण ते शुद्धीवर होते. 

जिवंत आहे म्हटल्यावर माणसाला हायसं वाटायला पाहिजे. मला वाटेना. घरी बसवेना, ऑफिसात बसवेना. भल्या सकाळी स्कूटी काढायची आणि उगाच मोर्शीच्या रस्त्यानं जायचं, दोन्हीकडच्या संत्र्यांच्या बागा संपेपर्यंत, आणि तशीच परत. समोरून ट्रक आला की मी ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायची. याला बरं वाटत असेल का? याला कोणी फोन केला असेल? पाय हलायला लागला तो याच दिवसांत.

आठवड्यानं आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर आमचे मॅनेजर, अकोल्याचे. माणूस वाईट नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी न मागता सुट्टी दिली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. तिकडं कायदा असा की ड्रायव्हर आजारी असेल तर त्यानं गाडी चालवायची नाही, आणि त्याला कोणी भरीला पाडायचं नाही. काका म्हणत होते, मी नाही म्हटलं होतं. आमच्या ऑफिसनं कळवलं होतं, तसं काही झालं नाही. कॉल मोबाइलवरचा, त्यामुळं रेकॉर्डिंग नाही. म्हणजे आता सगळं माझ्या शब्दावर. काकांनी राजीखुशीनं लोड घेतला असं मी म्हटलं, तर आजारी असून गाडी चालवल्याचा डाग त्यांच्या नावावर लागणार, आणि एकसष्टाव्या वर्षी डाग लागलेल्या ड्रायव्हरला कोणी उभं करत नाही. नाही म्हटलं होतं असं सांगितलं, तर माझी नोकरी जाणार, आणि कदाचित ऑफिसचं कामही.

"मी तुले खोटं बोल म्हणून नाही राहिलो," सर म्हणाले. "शेवटी तो हो म्हणाला का नाही? म्हणाला. बस, तेवढंच सांग. त्याच्या आधीचं कोन विचारते?"

"विचारलं तर, सर?"

"तर आठवत नाही म्हणायचं. बारा घरं चालतात या ऑफिसवर, हे डोक्यात ठेव."

माझं डोकंच फिरलं. राग सरांचा नव्हता. राग याचा की ते म्हणत होते ते अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं किती सोयीचं होतं! आईच्या गाडीवर फारसं सुटत नसे, घर माझ्याच पगारावर चालायचं. तीन दिवस मी मनात घोकत होते: शेवटी हो म्हणाले, शेवटी हो म्हणाले.

चौथ्या दिवशी आईच्या गाडीमागं स्टुलावर बसून मी तिला सगळं सांगितलं. ती फडक्यानं संत्री पुसत ऐकत होती.

"तो नाही म्हनला होता?"

"दोनदा."

"अन् तू?"

"मी म्हटलं, एवढं कराच ना."

आई बराच वेळ एकच संत्रं पुसत राहिली. "मी बी तसंच करते लोकाईले," ती म्हणाली. "पन दोन किलो संत्र्यानं कोनी नालीत नाही पडत, पोरी." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यानं किलोभर मागितली आणि आईनं किलोभरच दिली. मग मी उठून ऑफिसला गेले.

चौकशी संध्याकाळी साडेसहाला होती, व्हिडिओ कॉलवर. एका चौकटीत तिकडच्या कंपनीच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाई, एका चौकटीत मी, आणि तिसरीत काका. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं धिप्पाड असतील. ते बारीक निघाले, चष्म्यातले. हात गळ्यात बांधलेला. सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे टेबलाच्या बाजूला बसले होते.

बाईंनी विचारलं, "ड्रायव्हरनं हा लोड स्वतःच्या मर्जीनं घेतला का?"

सरांनी मला हळूच मान हलवून दाखवली. हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं परत म्हटलं. "नाही, मॅडम. डोकं गरगरतंय हे त्यांनी सांगितलं होतं. ते दोनदा नाही म्हणाले. तरी मी तिसऱ्यांदा विचारलं."

"का?"

आमच्याकडची रीतभात, आग्रह, प्रेमानं बोलायची पद्धत, असं पुष्कळ काही मी इंग्रजीत पाठ करून आले होते. ते सगळं सोडून दिलं. "मला वाटलं, होतील तयार," मी म्हटलं.

बाईंनी लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरच्या नावावर काही लागणार नाही, लायसन्स साफ राहील. आमच्या ऑफिसशी वेगळं बोलू. सर खुर्चीत मागं टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. माझा पाय टेबलावर आदळेल एवढा हलत होता. मला वाटलं, काका आता मला शिव्या घालतील. घालाव्यात असंही वाटत होतं. किंवा थँक्यू म्हणतील, आणि मग मी रडेन.

त्यांनी चष्मा काढला, एका हातानंच पुसायचा प्रयत्न केला, जमेना म्हणून तसाच घातला.

"मला एक विचारायचंय," ते म्हणाले. रागानं नव्हे. गाव चुकलेला माणूस रस्ता विचारतो तसं. "मी त्या दिवसापासून विचार करतोय. मी कसं म्हणायला पाहिजे होतं, बाळ? म्हणजे तू ऐकलं असतंस?"

मी तोंड उघडलं आणि सरांनी हात लांबवून कॉल बंद केला. पडदा काळा झाला.

"वेगळं काहीच नाही, काका," मी त्या काळ्या पडद्याला म्हटलं. "तुम्ही सांगितलंच होतं."