जॉयसला आणणारी गाडी

केडगावच्या बाजारात दबोरामावशींची निळी गाडी शिरली की भाजीवाल्या आपापल्या पाट्या मागं ओढायच्या. मावशी गाडी चांगली चालवायच्या, पण गाडीच रुंद होती. पावाच्या लादीसारखी दिसणारी जुनी जर्मन कॅम्पर व्हॅन, पोटात गादी, ओटा आणि चिमुकलं कपाट.

मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळून मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा सणसवाडीत एका शेडमागं ही गाडी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली त्यांना दिसली. पन्नाशीनंतर ड्रायव्हिंग शिकलेल्या या बाईनं ती घेतली, घासली, चालती केली. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. फक्त शिरूरची धाकटी बहीण जॉयस खूश झाली. अपघातानंतर तिचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. एसटीत बसता येईना, कारमध्ये शिरता येईना. या गाडीत मात्र पाय पसरून आडवं होता येणार होतं.

भाची नीलमचं लग्न केडगावच्या चर्चमध्ये ठरलं, तसं मावशींनी फोन करून सांगूनच टाकलं, "जॉयस, साडी इस्त्रीला टाक. मी येते न्यायला."

लग्न आठवड्यावर आलं असताना मावशी राहूला मैत्रिणीकडं, सोजराबाईंकडं, गेल्या होत्या. निघताना सोजराबाई ओरडल्या, "अवं दबोराबाई, तुमची गाडी मुतली की माझ्या अंगणात!"

मावशींनी वाकून पाहिलं. इंजिनातलं तेल मागून धारेनं गळत होतं.

सोजराबाईंचा पुतण्या विश्वजीत गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो आला, मागचं झाकण उघडलं आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"मावशी, रेडिएटर कुठाय हिचा?"

"नाहीच. हिचं इंजिन वाऱ्यावर गार होतं."

"आयला! आन् तेल?"

"ते कशावर गार होतं ते तूच शोध."

त्यानं सगळं फडक्यानं पुसून घेतलं, इंजिन चालू केलं आणि आत बॅटरीचा झोत मारला. पंख्याच्या पत्र्याखालून तेल पाझरत होतं. मावशींनी पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, त्या पत्र्याच्या आत ऑइल कूलर असतो, बारीक नळ्यांची छोटी पेटी. तेल तिच्यातून फिरतं आणि पंख्याचा वारा ते गार करतो. नळी फुटली असणार. नवा कूलर पाठवतो, पण इंजिन खाली उतरवावं लागेल.

"समदं इंजिन?" विश्वजीतनं विचारलं.

"घाबरलास?"

"घाबरतोय कशाला? ट्रॅक्टर मधनं तोडून जोडतो मी. पर ह्यो नट कुठला, त्यो कुठला, तुमी ध्यानात ठिवा."

गाडीचा मागचा भाग उचलून ठोकळ्यांवर ठेवला. मावशी साडी खोचून मातीत बसल्या आणि निघेल तो नट सोजराबाईंच्या पापडाच्या ताटांत मांडत गेल्या. इंजिन जॅकवरून हळूहळू जुन्या टायरवर उतरलं. पत्रा काढला, तर कूलरवर तेलाचा आणि धुळीचा काळा थर, त्यात चक्क कोंबडीची पिसं. सोजराबाई हसून हसून खाली बसल्या.

दोन दिवसांनी पुण्याहून नवा कूलर आला, तो बसवला. त्याच्याखाली घालायचे रबरी सील मावशींनीच सोबत आलेल्या पाकिटातून काढून विश्वजीतच्या हातात दिले. इंजिन वर चढवलं, नवं तेल ओतलं, किल्ली फिरवली. गाडी फुरफुरली आणि पुन्हा टपटप सुरू झालं.

विश्वजीत हात पुसत म्हणाला, "माझंच कायतरी चुकलं, मावशी."

मावशींनी पाकीट उलटं केलं. आत सीलची आणखी एक जोडी होती. फुटक्या कूलरचे जुने सील शेजारी ठेवून पाहिले, तर तेही एवढेच जाड; आत बसवलेली जोडीच पातळ होती.

"तुझं नाही, माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. "सोजराबाई, आज जेवायला इथंच हं आम्ही. चल रे, उतरव परत."

दुसऱ्या वेळी इंजिन बघता बघता उतरलं. जाड सील बसले, पत्रा चढला. गाडी चालू ठेवून तिघंही खाली वाकून बघत राहिली. जमीन कोरडी होती. विश्वजीतनं एकदम शिट्टी मारली, तशी गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी शिरूरला पोचल्या. शेजाऱ्यांनी जॉयसला उचलून गादीवर ठेवलं. न्हावऱ्यापर्यंत तिची बडबड चालू होती. पुढं भीमेच्या पुलाआधी ती गप्प झाली, तशी मावशींनी गाडी कडेला घेतली.

"दुखतंय का गं?"

"नाही गं. दार उघड जरा. किती दिवसांनी नदी बघतेय."

मावशींनी सरकतं दार पूर्ण उघडलं. वाऱ्यावर जॉयसचे केस उडत होते. दोघी बराच वेळ तिथंच थांबल्या. मावशींनी मात्र गुपचूप एकदा गाडीखाली वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निळी गाडी चर्चच्या दारात उभी होती. आत जाण्याआधी नीलम पांढरी साडी सावरत गाडीत चढली आणि आत्याच्या गादीवरच बसली. जॉयसनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

बाहेरून मावशी ओरडल्या, "नीलम, साडी सांभाळ! ओट्याला अजून विश्वजीतच्या हाताचं ग्रीस आहे!"