सगळ्यांचं वाढून होईपर्यंत

आज मोबाईलवर बोलता बोलता तव्यावरची भाकरी करपली, आणि त्या वासाबरोबर राहात्याजवळच्या वस्तीवरची आमची चूल आठवली.

शाळा सुटल्यावर आम्ही मुलं चर्चच्या ओसरीवर जायचो. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण तिथं गाणी असायची, बिस्किटं मिळायची. पाळकांच्या पत्नी, आमच्या बाई, चांगल्या सवयी लावायच्या. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, ही त्यांची मुख्य शिकवण.

एका संध्याकाळी वडील उसाला पाणी देऊन आले. आईनं आमची ताटं वाढली. वडिलांनी भाकरी मोडली, तेवढ्यात मी म्हणाले, "थांबा की अण्णा, आईनं अजून न्हाई घेतलं."

आईचा थापता हात थांबला. "येडी हाय ती. जेवा तुमी."

अण्णांनी घास ताटात ठेवला. "बरुबर बोलती पोरगी. घे तू बी वाढून."

आई पहिल्यांदाच आमच्या पंगतीला बसली, पदर सावरत, अवघडून. दोन घास झाले नसतील, तोच तव्यावरची भाकरी करपली. ती उठली, काळी भाकरी आपल्या ताटात टाकली आणि पुन्हा थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं कौतुक केलं. धडा आम्ही नीट गिरवला, असं मला पुढं बरीच वर्षं वाटत राहिलं. आईसाठी थांबलो आम्ही सगळेच. तिच्या जागी भाकरी थापायला मात्र कुणी उठलं नाही.