मनगटापर्यंत पीठ

मोठी आत्या गावाच्या या टोकाला हसली, की त्या टोकाची कुत्री उठून बसायची. लहान आत्या मात्र अशी हसायची, की चहा कडू झाला की काय असं वाटावं. दोघी माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणी. घर राळेगावजवळच्या खेड्यात. मोठीचा नवरा लग्नाच्या वर्षातच गेला, म्हणून ती माहेरी परतलेली. लहानी सातवी पास होऊन "मले मास्तरीन व्हायचं हाये" म्हणत बसलेली. आजा म्हणायचा, "आधी लगन. मंग काय व्हायचं ते हो."

मोठीच्या हातची लांब रोटी काय सांगू! सैल कणीक आपटायची, हातांवर झुलवत कोपरापर्यंत न्यायची, अन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. लहानीला कोणी रोटी कर म्हटलं, की एकच उत्तर, "मले नाई येत बाप्पा."

आम्ही दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झरीकडचे पाहुणे लहानीला बघायला आले. पोरगा बिजवर, पण नोकरीवाला. त्याच्या आईची अट एकच, पोरीला लांब रोटी आली पाहिजे. मग आज्यानं डाव रचला. मागच्या अंगणात रोट्या मोठी करेल, अन् हातांना पीठ माखून वाढायला लहानी जाईल.

लहानी आली वाढायला. पोराच्या म्हाताऱ्या आईनं रोटी पाहिली, मग हात पाहिले.

"काहून व पोरी, मनगटानं रोटी करतं काय? कोपर तं कोरडे हायेत तुहे!"

म्हातारी उठली ती थेट मागच्या अंगणात. मोठी कोपरापर्यंत माखलेली. पाहुणीला बघताच पळाली अन् कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागे लपली.

"मले हेच सून पायजे," म्हातारी म्हणाली.

आजा चाचरला, "तिचं... एक डाव लगन झालं हाये."

"मंग माहा पोरगा काय कोरा हाये?"

ढिगामागून मोठी ओरडली, "मी नाई जात! ह्या लहानीचं कोन पाहीन?"

"माहं मी पाहीन," लहानी म्हणाली. "तू निंघ आधी, रोटी जळून राह्यली!"

मोठी झरीला गेली. चार पोरं, पंधरा कोंबड्या, रोज एक भांडण. लहानी यवतमाळला शिकून मास्तरीण झाली. एक खोली, एक स्टो, एक छत्री. लग्नाचं कोणी काढलं, की म्हणायची, "मले रोटी येत नाई नं." मे महिन्यात एसटीनं मोठीकडे जायची अन् पोटभर रोट्या खाऊन यायची.

म्हातारपणी नवरा गेला, पोरं पांगली, मोठी एकटी पडली, हात थरथरायला लागले, तेव्हा लहानी छत्री घेऊन तिच्याकडेच राहायला गेली. एकदा मी गेले, तर चुलीपुढे लहानी! कोपरापर्यंत कणीक, अन् मडक्यावर रोटी कशी, पातळ, अख्खी.

"आत्या! तुले येते?"

"मोठीनं शिकवली. तिच्या पहिल्या लग्नाआधी."

"मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी घाई झाली," लहानी दुसरी रोटी झुलवत म्हणाली. "पीठ मनगटावरच राह्यलं."

खाटेवरून मोठी हसली. गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

"घाई म्हने! कोपरापर्यंत लाव म्हून मीच सांगतलं होतं तिले. कोरडे कोपर पाह्यले तवाच समजली मी, हे लहान असून मले उजवून राह्यली."

लहानीच्या हातावरची रोटी तिथंच फाटली.

"पाह्य," मोठी म्हणाली, "आता म्हन, मले येत नाई."