बीपी बघायची खोली

माया सोनवणेला आमच्या वाडीत कुणी अधिकारी म्हणत नाही. नर्सिंगची पदवी, वर सरकारचं प्रशिक्षण, नेमणूक समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून. म्हणजे उपकेंद्र तिनंच चालवायचं. तरी रोज कुणीतरी दारात उभं राहून विचारतंच, "शिस्टर, डाक्टर कवा येणार?" दौंडहून स्कूटीवर आलेली माया हेल्मेट काढत म्हणते, "मीच बघणार. बसा." अशा लोकांचा मला संताप येतो. तीन वर्षं तिनं दिलेल्या गोळ्या खाताय, आणि अजून डाक्टर कवा येणार?

सरपंच जयसिंग आप्पांची तऱ्हा आणखी वेगळी. ते उपकेंद्रात येत नाहीत, मायाला घरी बोलावतात. ती बौद्ध, म्हणून तिला अंगणात बसवून चहा कागदी कपात देतात. स्वतः कपबशीत पितात. बीपी मोजायला दंड मात्र खुशाल पुढं करतात. तिथं हात लागलेला चालतो!

उपकेंद्र म्हणजे एकच खोली, तिथं औषधाला सारखी ये-जा, आडोसा नाही; तिला लागून ग्रामपंचायतीची एक खोली आहे. मायानं ती मागून घेतली, खिडकीला पडदा लावला आणि बाजाराच्या दिवशी दुपारी, पुरुष गावात नसताना, बायकांना बोलवायला लागली. आमच्याकडं बाईनं असलं दुखणं उच्चारायचं नसतं. अंगावरून जातं, जळजळतं, सगळं गिळायचं. म्हणून प्रत्येक बाई घरी सांगायची, "बीपी बघून येते." आत कडी लागली की खरं काय ते बाहेर पडायचं.

माझ्या सासूबाई पुतळाबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांच्या छातीत गाठ होती. मायाला आणि मला त्यांनी सांगितलं, पण दाखवायला तयार होईनात. माया मागं लागली नाही. दर बाजारी बीपी बघायची आणि हळूच विचारायची, "आज दाखवता, मावशी?" गाठ वाढत होती, माझा जीव टांगणीला. शेवटी एकदा आत्या म्हणाल्या, "फुडच्या बाजारी दावते."

नेमकं त्याच आठवड्यात आप्पांनी खोलीला कुलूप घातलं. शहरातले कुणी डॉक्टर महिन्यातून दोनदा येऊन बसणार, म्हणून खोली त्यांच्यासाठी राखून ठेवायची. माया भांडायला गेली, मी तिच्यासोबत होते. आप्पा हसत म्हणाले, "बीपीच बघायचा आसतो ना शिस्टर? त्याला खोली कशाला? वट्ट्यावर बघा की."

खोली कशाला लागते ते सांगायचं, तर आमचीच दुखणी चव्हाट्यावर मांडायची. माया परत फिरली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

बाजाराच्या दिवशी तिनं उपकेंद्राच्या ओट्यावर टेबल मांडलं. डॉक्टरांची पाटी लावून घ्यायला आप्पाही चार माणसं घेऊन तिथंच हजर. बायका लांबूनच बघून माघारी फिरल्या. मला वाटलं, आत्याही फिरणार, आणि आज फिरल्या तर पुन्हा कधी यायच्या नाहीत. पण त्या तरातरा ओट्यावर चढल्या. मायानं सवयीनं बीपीचा पट्टा उचलला.

"ऱ्हाऊ दे ते," आत्या मोठ्यानं म्हणाल्या. "मला बीपी न्हाई बघायचा. माज्या छातीत गाठ हाय. ती दावायचीय. कुठं दावू, आप्पा? हितंच, ह्या समद्यांम्होरं?"

पाटी धरलेले खाली बघायला लागले. आप्पांनी खिशातून किल्ली काढली. तोंड पडलं होतं, पण ताठा गेला नव्हता. "मंग शिस्टर, हे आधी सांगायचं न्हाई का तुमी?"

मायानं किल्ली जवळजवळ हिसकावून घेतली.

"मावशींनी मला विश्वासानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या कुलपापायी आज त्यांना चार गड्यांपुढं सांगावं लागलं."

तिनं आत्यांना आत नेलं आणि कडी लावली.