वास्तूच्या कानाआड

चार दुकानं पालथी घातल्याशिवाय मी साधी साडी घेत नाही. मग लेकीसाठी उपचार निवडायचा तर पहिल्याच दारात मान डोलावीन होय?

लेक चौदा वर्षांची. गेल्या वर्षी ट्यूशनहून येताना तिची ऑटो उलटली. हाताचं हाड दीड महिन्यात जुळलं, पण पोरगी काही ताळ्यावर येईना. ऑटोचा आवाज आला की कानांवर हात. जेवताना शब्द नाही. माझ्याशी भांडणं तर बंदच! भांडकुदळ पोर गप्प झाली की घर खायला उठतं. आणि त्या दिवशी स्कूटरवरून आणायला न जाता "ये गं ऑटोनं" म्हणणारी मीच. ते मनातून जाता जात नव्हतं.

पहिल्या समुपदेशक मॅडम बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या. मनात तो प्रसंग आणायचा आणि त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे फिरेल तशी नजर फिरवायची, अशी त्यांची पद्धत. "अहो, या तर दृष्टच काढतायत, मीठ-मिरच्या तेवढ्या राहिल्या," मी नवऱ्याच्या कानात पुटपुटले. पण खोटं कशाला बोलू, लेक रात्रभर झोपायला लागली. बोलायला मात्र नाही.

दुसरीकडे पाच-सहा मुली मिळून चित्रं काढायच्या. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली आणि मला कपड्यांवरचे रंगांचे डाग. कुठल्याच चित्रात ऑटो नव्हती.

तिसऱ्या मॅडम आमच्या राजाजीनगरातल्याच, कन्नड, गोड बोलणाऱ्या. त्यांच्याकडे घडलेलं थोडं थोडं सांगायचं, मग लिहायचं आणि शेवटी घरच्या माणसाला वाचून दाखवायचं. लिहून झालं. मॅडम म्हणाल्या, "आता आईला वाचून दाखव. अम्मा, तुम्ही फक्त ऐकायचं."

"सरी, बरं," म्हणून मी घरी आले. लेकीनं वही उघडली. "ऑटो उलटली आणि मला वाटलं, मी आता मरणार..."

"शुभ बोल गं! वास्तू तथास्तु म्हणते!"

निघूनच गेलं तोंडातून. पिढ्यान्पिढ्या बेंगळुरात राहून आम्ही निम्मे कन्नड झालो, पानात भातसुद्धा 'स्वल्प' वाढतो, पण घरात अभद्र बोललं की वास्तू ते खरं करते, हे काही डोक्यातून गेलं नाही. वही मिटली. पंधरा दिवस उघडली नाही. माझ्या जिभेला काही हाड आहे का!

मॅडमपुढे रडत कबुली दिली. वाटलं, आता फैलावर घेणार. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही वास्तू कुठपर्यंत ऐकते?"

"गेटपर्यंत," माझ्याआधी लेकच म्हणाली. आणि चक्क हसली!

त्याच संध्याकाळी गेटबाहेर फूटपाथवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. समोरच्या अक्कांनी विचारलं, "घरात पाहुणे आलेत का?" मी नुसतीच मान हलवली. लेक वाचू लागली. ऑटोखाली अडकलेला हात, पेट्रोलचा वास, कुणीतरी अण्णा "हेदरबेडा, घाबरू नको" म्हणत होते ते. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

शेवटचं पान तिनं न बघताच सांगितलं. "मी बोलले तर आईला वाटेल, तिच्यामुळे झालं. म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही."

म्हणजे एवढे महिने ही पोर मला सांभाळत होती. आणि मी उपचारांची दुकानं हिंडत होते! रडले, भर फूटपाथवर, अक्कांच्या देखत. लेकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, पुरे. लोक बघतायत."

मग तिनं दोन्ही खुर्च्या उचलून आत नेल्या, हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि छताकडे बघत मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "उद्या मी ऑटोनं जाणार. आई शेजारी बसणार. आणि वाटेत अजिबात बडबड करणार नाही."

वास्तूच्या आधी मीच म्हटलं, "तथास्तु."